सुकाणू, मुअल्लिम आणि यंत्रमासा

कोकण किनाऱ्यावरचे काही शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ते कुठून आले हे विचारावेसे वाटत नाही. नाखवा हा फारसी 'नाखुदा'चा मराठी अवतार. सारंग म्हणजे 'सरहंग'. होडीचे सुकाणू हे अरबी 'सुक्कान'. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची हुद्द्यांनुसार यादी दिली आहे. तीत नाखुदा आहे, तंडील आहे, सरहंग आहे, सुकाणू धरणारा सुक्कानगीर आहे. शिवाय दर्यावरची वाट ठरवणारा मुअल्लिम आहे. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. मक्तबात मुलांना अलिफ-बे शिकवणारा आणि जहाजाला वाट दाखवणारा, या दोघांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला.

१९४८ साली अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर याने प्राणी आणि यंत्र यांच्यातील नियंत्रणाच्या शास्त्राला नाव दिले, तेव्हा त्याने ग्रीक भाषेतला सुकाणूधाऱ्याचाच शब्द उचलला आणि 'सायबरनेटिक्स' हे नाव रूढ झाले. बाहेरची परिस्थिती पाहायची, आपण कुठे चुकतो आहोत ते ओळखायचे आणि तेवढे सुकाणू फिरवायचे, हेच त्या शास्त्राचे सार. आज जगातली विद्यापीठे माशासारखी पोहणारी यंत्रे बनवत आहेत, त्यांच्या शेपटीसाठी स्वतःहून वाकणारे पदार्थ शोधत आहेत आणि पाणी बदलले की वागणूक बदलणारी नियंत्रणपद्धती रचत आहेत. या संशोधनाचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत तो उलव्याच्या खाडीकाठावरून. कारण या इतिहासाचा एक धागा आपल्या पायाखालच्या खाजणातून जातो आणि तो तुटण्याच्या बेतात आहे.

उलव्याची उघाडी

उलवे आज नवी मुंबईचा एक नोड म्हणून ओळखले जाते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, त्याआधी हा पनवेल तालुक्यातला आगरी-कोळ्यांचा, भातशेतीचा, मिठागरांचा आणि खाडीच्या मासेमारीचा मुलूख होता. पनवेल, उरण, पेण या कसब्यांतून कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आणि जुना व्यापार होता. भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. नोव्हेंबर २०१० मध्ये विमानतळाला पर्यावरण खात्याची मंजुरी मिळाली, पुढे उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावे हलली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. रेल्वेच्या एका स्थानकाचे नाव खारकोपर आहे. त्या नावात खार उरली आहे, जमिनीत मात्र फार थोडी उरली.

या खाऱ्या जमिनीत भात पिकवायचा तर समुद्राचे पाणी बाहेर ठेवावे लागे. त्यासाठी मातीचे बांध घालत. १९४८ साली मुंबई सरकारने त्यासाठी खारजमिनीचा कायदा केला आणि १९७९ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला, पण बांधांची विद्या कायद्याहून जुनी. बांधात ठिकठिकाणी उघाडी असे. उघाडी म्हणजे वरून टांगलेली झडप. भरती आली की बाहेरचे पाणी झडप दाबते आणि ती मिटते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी झडप ढकलते आणि ती उघडते. रात्री-अपरात्री कुणी तिथे जाऊन ती उघडायची नाही, मिटायची नाही. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटरही चढते-उतरते. चोवीस तासांत दोनदा होणाऱ्या या उलाढालीत झडप आपले काम बिनबोभाट करते. नियंत्रणशास्त्राचा पहिला धडा तिच्यात आहे. ज्या पाण्याला आवरायचे, त्याच पाण्याच्या जोराने दार हलवायचे.

बगदादचा कुंड

हाच धडा नवव्या शतकात बगदादमध्ये लिहिला गेला. बनू मूसा म्हणजे मूसा बिन शाकिरचे तीन मुलगे, मुहम्मद, अहमद आणि हसन. सुमारे इ. स. ८५० मध्ये त्यांनी 'किताब अल-हियल' लिहिले. त्यात शंभराच्या आसपास युक्त्यांची यंत्रे आहेत. जनावरांनी कितीही पाणी प्याले तरी पातळी तीच राहील असा कुंड त्यात आहे. जळता जळता स्वतःची वात पुढे सारणारा दिवा आहे. पाण्यावर तरंगणारा गोळा वर-खाली होतो आणि त्याला जोडलेली शंकूच्या आकाराची झडप पाण्याची वाट उघडते किंवा बंद करते. आपल्या घरच्या टाकीतला फ्लोट-बॉल याच कुळातला.

ही कल्पना मुळात त्यांची नव्हे, हेही सांगायला हवे. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पाणघड्याळात ती वापरली होती आणि हेरोनने तिचे वर्णन केले होते. बनू मूसांनी ते ग्रंथ वाचले, पारखले आणि पुढे नेले. त्यानंतर १२०६ साली दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरीने पन्नास यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. हौदातल्या नौकेत बसून वाजवणारे वादक त्यात आहेत, हत्तीच्या पाठीवरचे घड्याळ आहे. अल-जझरी स्वतः कारागीर होता. धातू कसा ओतायचा, झडप घासून कशी बसवायची, हे त्याने कारागिराच्या नजरेने लिहिले. हात आणि लेखणी त्याच्याकडे एकत्र होती.

ऑटो मायर या इतिहासकाराने १९७० साली स्वयंनियंत्रणाच्या उगमावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात बनू मूसांना आणि अल-जझरीला त्यांचे स्थान दिले आहे. त्यातून दिसते ते असे, की अल-जझरीच्या काळानंतर तरंगत्या झडपेची परंपरा जणू लुप्त होते आणि अठराव्या शतकात इंग्लंडात व रशियात बाष्पयंत्राच्या बॉयलरवर पुन्हा उगवते. १७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या यंत्रावर वेगनियंत्रक बसवला आणि विद्या कारखान्यात शिरली. आपल्याकडे व्यासपीठावर बगदादचे नाव घेताना मधली ही पाच-सहा शतके गाळली जातात. ग्रंथ होते, पण त्यांतली विद्या हातात घेऊन पुढची झडप घासणारा कुणी राहिला नाही. आम्हाला अभिमानापेक्षा ही खंडित जागा जास्त महत्त्वाची वाटते.

मासा कसा पोहतो

आता पाण्याखाली उतरू. वाम सगळे अंग वळवत पोहते. कुपा, म्हणजे ट्यूना, धड ताठ ठेवून केवळ शेपटी मारतो. पाकट दोन्ही बाजूंचे पर पंखांसारखे हलवते. खाडीतली निवटी चिखलावर परांच्या आधाराने चालते. पाण्यात ढकलले जाण्याच्या या इतक्या तऱ्हा असताना माणसाने पंखा निवडला, कारण तो बनवायला सोपा. पण पंख्यात जाळे अडकते, चिखल ढवळला जातो, आवाज होतो आणि जागच्या जागी वळता येत नाही.

१९३६ मध्ये केंब्रिजचे जेम्स ग्रे यांनी डॉल्फिनच्या वेगाचे गणित मांडले आणि कोडे उभे केले. त्यांच्या हिशेबाने इतक्या वेगासाठी डॉल्फिनचे स्नायू सातपट बळकट असायला हवे होते. २००८ मध्ये पाण्याच्या प्रवाहाची प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा डॉल्फिनच्या शेपटीचा जोर ग्रे यांच्या अंदाजाहून कितीतरी अधिक निघाला आणि कोडे सुटले. मधल्या सत्तर वर्षांत मात्र त्या कोड्यामुळेच गणिती आणि अभियंते माशाकडे वळले. १९६० साली जेम्स लाइटहिल यांनी सडपातळ माशाच्या पोहण्याचे गणित दिले. १९९० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या एमआयटीत मायकेल ट्रायंटाफिलू आणि डेव्हिड बॅरेट यांनी 'रोबोट्यूना' बनवला. शेपटीच्या मारामुळे पाण्यात भोवरे सुटतात, त्यांचा उपयोग मासा पुढे जाण्यासाठी करून घेतो, हे त्यांना यंत्रावर तपासायचे होते. शेपटी कशी मारावी याची जुळणीही अनेक प्रयत्नांतून उत्तमाची निवड करत करत केली गेली.

२०१२ मध्ये स्पेनच्या गिहोन बंदरात दीड मीटर लांबीचे यंत्रमासे सोडून पाण्यातले प्रदूषण हुडकण्याचा प्रयोग झाला. २०१८ मध्ये एमआयटीच्या 'सोफी' या मऊ शरीराच्या यंत्रमाशाने फिजीच्या प्रवाळांत खऱ्या माशांच्या जवळून फेरफटका मारला.

वाकणारा धातू, पोहणारी पट्टी

मोटारी आणि दाते बसवून शेपटी हलवता येते, पण ते अवजड होते. म्हणून स्नायूसारखे वागणारे पदार्थ शोधणे ओघाने आले. त्यांनाच स्मार्ट मटेरियल म्हणतात. त्यातला सर्वांत जुना प्रकार १८८० सालचा. पिएर आणि जॅक क्यूरी या भावांना आढळले, की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण करतात. उलटही खरे, वीज दिली की ते किंचित आकार बदलतात. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी या गुणाचा उपयोग पाण्याखाली ध्वनी सोडण्यासाठी केला. आज मच्छीमार बोटीवरचा फिशफाइंडर त्याच गुणावर चालतो. म्हणजे आपल्या बंदरांत स्मार्ट मटेरियल केव्हाच येऊन पोहोचले आहे. त्याला त्या नावाने कुणी हाक मारत नाही इतकेच.

दुसरा प्रकार आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूचा. १९५९ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू तपासायला घेतला. त्याचे नाव नायटिनॉल. ही तार थंडीत वाकवा, उष्णता दिली की ती आपल्या मूळ आकारात परतते. वीज सोडून तापवली की आखडते, जणू स्नायूच. पाण्यात ती झटपट निवते, म्हणून पुढचा हेलकावा लवकर देता येतो. पण तेच पाणी तिची उष्णता शोषून घेते, म्हणून बॅटरी लवकर संपते.

तिसरा प्रकार खास पाण्यासाठीच जन्मला असावा असा. ओल्या प्लॅस्टिक पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर द्यायचा आणि एक-दोन व्होल्टचा दाब लावायचा. आतले पाणी धरलेले आयन एका बाजूला सरकतात, ती बाजू फुगते आणि पट्टी वाकते. दाब उलटा केला की पट्टी दुसरीकडे वाकते. हवेत ती सुकून निकामी होते, पाण्यात जिवंत राहते. १९९२ मध्ये जपानात ओगुरो आणि सहकाऱ्यांनी ती दाखवली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत इराणमध्ये जन्मलेले मोहसेन शाहीनपूर यांनी अशा जेलच्या स्नायूंवर पोहणाऱ्या यंत्राचा आराखडा प्रसिद्ध केला.

पाणी बदलले तर

शेपटी हलली म्हणजे काम झाले नाही. पन्नास लिटर आकारमानाचे, पन्नास किलो वजनाचे यंत्र घ्या. गोड्या पाण्यात ते ना बुडते ना तरंगते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. त्यामुळे तेच यंत्र खाऱ्या पाण्यात गेले की सव्वा किलोच्या जोराने वर ढकलले जाते. पनवेलच्या खाडीत श्रावणात नद्यांचे लोंढे येतात आणि पाणी गोडसर होते, वैशाखात तेच कडक खारे असते. भरतीला एक पाणी, ओहोटीला दुसरे. त्यात गाळ इतका, की कॅमेऱ्याला हातभर अंतरावरचे दिसू नये. आपला जिताडा मात्र खाऱ्यातून गोड्यात आणि गोड्यातून खाऱ्यात आरामात ये-जा करतो. यंत्राला हे जमायचे, तर त्याचे नियम ठरीव असून चालत नाहीत. पाणी कसे वागते आहे ते पाहून त्याने स्वतःचे नियम बदलायला हवेत. हेच अनुकूली नियंत्रण.

या शास्त्राचा जन्म १९५० च्या दशकात पाण्यात नव्हे, हवेत झाला. अतिवेगवान विमानाला जमिनीजवळ दाट हवा आणि वर विरळ हवा, म्हणून वैमानिकाच्या मदतीला स्वतः जुळवून घेणारी यंत्रणा हवी होती. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी अशी यंत्रणा असलेले एक्स-१५ विमान उतरताना तुटले आणि मायकेल ॲडम्स हा वैमानिक ठार झाला. विमान डोलू लागल्यावर यंत्रणेने आपली तीव्रता कमी करायला हवी होती, ती तिने केली नाही. जुळवून घेणारे यंत्र भलतेच शिकू शकते, हा धडा महागात मिळाला. त्यानंतर असे यंत्र भरकटणार नाही याची गणिती हमी शोधणे हाच शास्त्राचा मुख्य प्रश्न झाला. १९८० च्या सुमारास जे पुरावे मिळाले, त्यांत मद्रासमध्ये जन्मलेले आणि येल विद्यापीठात शिकवणारे कुंपाटी नरेंद्र यांचा मोठा वाटा आहे.

दुसरी वाट शब्दांची होती. १९६५ मध्ये बाकूत जन्मलेल्या आणि तेहरानला शिकलेल्या लुत्फी झादे यांनी अमेरिकेत 'फझी' संचांची कल्पना मांडली. 'थोडे', 'जरा जास्त', 'बरेच' अशा माणसांच्या शब्दांना गणितात जागा देणे, हा तिचा गाभा. तिला पहिल्यांदा यंत्रावर उतरवले इब्राहिम ममदानी यांनी. ते १९४२ साली टांझानियात जन्मले, अभियांत्रिकी शिकले पुण्याला आणि १९६६ मध्ये लंडनला गेले. १९७४-७५ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी असिलियन याने एक छोटे वाफेचे यंत्र अशा शब्दनियमांवर चालवून दाखवले. दाब थोडा कमी पडला तर उष्णता थोडी वाढवा, अशा धाटणीचे ते नियम. १९७९ मध्ये ममदानींनी प्रोसिक या सहकाऱ्यासह पुढचे पाऊल टाकले. अनुभवावरून आपलेच नियम दुरुस्त करणारा नियंत्रक त्यांनी मांडला. १९८७ मध्ये जपानच्या सेंदाई शहरातली भुयारी रेल्वे फझी नियंत्रणावर धावू लागली. पाण्याखालच्या यंत्रांनाही ही पद्धत मानवते, कारण तिथे अचूक समीकरण मिळत नाही, पण अनुभवी माणसाचे बोल मिळतात.

खाडीचा तांडेल असाच बोलतो. ओढ वाढली की सुकाणू जरा दाब, पाणी सैल पडले की सोड. भांगाच्या दिवसांत एक वागणूक, उधाणात दुसरी. डोल कुठे लावायची, पाणी कधी फिरणार, तळ चिखलाचा की कालवांचा, हे त्याला काठीच्या स्पर्शावरून कळते. ममदानींच्या शास्त्राला लागतात ते नियम हेच. फरक एवढाच, की बॉयलरवरच्या माणसाला प्रयोगशाळेने विचारले आणि तांडेलाला कुणी विचारले नाही.

आपल्या किनाऱ्यावर

काम आपल्याकडेही होत आहे. गोव्यात दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात 'माया' नावाचे छोटे स्वयंचलित पाणयान तयार केले. त्याला शेपटीकडे पंखाच आहे, पण मार्ग ते स्वतः राखते. मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांनी 'मत्स्य' हे पाणयान बांधले आणि अमेरिकेत सॅन दिएगोच्या रोबोसब स्पर्धेत उतरवले. त्याच संस्थेत बिजनन बंद्योपाध्याय आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्फटिकाच्या पट्ट्या चिकटवून लवचीक दांड्याचे कंपन आवरण्यावर काम केले. माशाची शेपटीही शेवटी एक लवचीक दांडाच. स्वयंचलित पाणयान, स्मार्ट मटेरियल आणि नियंत्रण या तिन्ही विद्या उलव्यापासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत.

तिथे आपली मुले किती आहेत? २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले, की देशातल्या नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर पन्नास विद्यार्थ्यांत एक मुसलमान आहे. जमातीची गरिबी, शाळेतली गळती आणि बाहेरचा दुजाभाव ही कारणे खरी आहेत. पण आणखी एक कारण आपल्या घरातले आहे. होडी बांधणारा, इंजिन खोलणारा, झडप घासणारा मुलगा 'शिकलेला' नाही आणि पुस्तक वाचणाऱ्याने हात काळे करू नयेत, अशी विभागणी आपण स्वीकारली. बगदादनंतर जी साखळी तुटली, ती आपल्या मोहल्ल्यात रोज तुटते. पुण्यात शिकलेल्या ममदानींचे नाव आपल्या किती शाळांतून घेतले जाते, हेही एकदा पाहावे.

उलव्याच्या बाबतीत घाई आहे. बांध गेले, उघाड्या गेल्या, नदी वळली. खाडीचे पाणी कसे वागत होते हे जाणणारी पिढी साठी-सत्तरीत आहे. पाऊस आणि भरती एका वेळी आली की पाणी कुठे तुंबते, हे नव्या वसाहतीला समजून घ्यायचे आहे. ते सांगणारे तांडेल आणि खार राखणारे शेतकरी आज हयात आहेत. उद्या इथे प्रदूषण मोजायला यंत्रमासे सोडले गेले, तर त्यांच्या नियमावलीत या माणसांचे शब्द असावेत. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पनवेल-उरणच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांनी वह्या घेऊन काठावर जावे. पाण्याच्या नावांची, भरतीच्या वेळांची, माशांच्या चालींची, उघाडीच्या जागांची नोंद करावी. कोळ्यांकडून, आगऱ्यांकडून आणि कोकणी मुसलमान नाखव्यांकडूनही. रत्नागिरीकडच्या दालदी बांधवांकडेही हा ठेवा आहे. नोंद मराठीत व्हावी, कारण हे ज्ञान मराठीत आहे.

आपल्या पूर्वजांनी जहाजाच्या वाटाड्याला शिक्षक म्हटले. खाडीकाठच्या त्या वृद्ध माणसासमोर आपली मुले वही उघडून बसली, तर त्या शब्दाचा अर्थ त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.